सोशिकपणाची स्तुति

आपल्या देशांतील माणसानें आपल्या देशांत घेतलेल्या अगदीं आरंभींच्या चलच्चित्रांपैकीं एक कुस्तीचें होतें. १८९९ सालीं मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्यें दोन मल्लांची झुंज झाली, आणि हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं ती आपल्या कॅमेऱ्यानें टिपली. सामर्थ्य म्हणजे काय, याविषयीं त्या चित्रास शंका असण्याचें कांहींच कारण नव्हतें. ज्याची पाठ मातीला लागली तो हरला, ज्यानें ती लावली तो जिंकला. पाहणारानें टाळी वाजवावी आणि घरीं जावें. त्यानंतर ब्याऐंशी वर्षांनीं, १९८१ सालीं, पुण्यांतील धुणींभांडीं करणाऱ्या बायकांविषयीं ‘मोलकरीण’ नांवाचा सुमारें पंचवीस मिनिटांचा मराठी अनुबोधपट निघाला. त्यांतही एक झुंज आहे. परंतु ती पाहून टाळी वाजवून घरीं जाणें तितकें सोपें नाहीं. कारण ज्या घरीं जावयाचें, त्या घरांतच ती झुंज चाललेली असते.

स्त्रियांनीं काढलेले आणि स्त्रियांविषयींचे अनुबोधपट आतां पुष्कळ निघतात, देशोदेशींच्या महोत्सवांत दाखविले जातात, त्यांना बक्षिसेंही मिळतात. ही गोष्ट आनंदाचीच आहे. तथापि या चित्रपटांची ओळख करून देतांना दोन शब्द इतक्या नेमानें वापरले जातात कीं, आम्हांस आतां त्यांचा संशय येऊं लागला आहे. ते शब्द म्हणजे ‘सामर्थ्य’ आणि ‘चिवटपणा’. चित्रपट कोळशाच्या खाणीवरचा असो, तंबाखूच्या वखारींतला असो, कीं शहरांतल्या एखाद्या स्वयंपाकघरांतला असो. त्यांतली स्त्री समर्थ आहे, चिवट आहे, एवढें सांगितलें म्हणजे परीक्षण पुरें झालें असें समजलें जातें. आम्हांस जें म्हणावयाचें आहे तें थोडक्यांत हें: ज्या चित्रपटांत स्त्रीचें सामर्थ्य हा तिच्या अंगचा उपजत गुण म्हणून दाखविलेला असतो, तो चित्रपट बहुधा तिची स्तुति करतो आणि तिच्यावरील भार होता तेथेंच ठेवतो. ज्यांत तें सामर्थ्य आपल्या डोळ्यांदेखत, चार जणींच्या बोलण्यांतून, कोणाच्या तरी विरुद्ध घडत जातें, तोच चित्रपट त्या शब्दाला अर्थ आणतो.

सोशिकपणाची स्तुति आपल्याला नवी नाहीं. सीता, सावित्री, तारामती यांच्या कथा सांगतांना कीर्तनकारानें जो सूर लावावा, तोच सूर आजचा एखादा अनुबोधपट लावीत असतो. फक्त टाळमृदंग जाऊन तेथें वाद्यवृंद येतो. पहांटेच्या अंधुक प्रकाशांत डोक्यावर हंड्यांची उतरंड घेऊन चढण चढणारी बाई आपण पडद्यावर किती वेळां पाहिली असेल! चित्र सुंदर असतें. बाईची मान ताठ असते, पाऊल डळमळत नाहीं, आणि आपले डोळे पाणावतात. पण गांवांत पाणी कां नाहीं, असलेली विहीर कोणाच्या मळ्यांत आहे, आणि त्या बाईच्या घरचे पुरुष त्या वेळीं कोठें आहेत, हे प्रश्न त्या सुंदर चित्रांत मावत नाहींत. ओझें वाहणारीचें कौतुक ऐकण्यांत आपण इतके रमतों कीं, तें ओझें कोणीं लादलें हें विचारावयाचें राहून जातें. ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली ती स्त्रियांच्या निंदेला उत्तर म्हणून. परंतु स्त्रियांना एक माप आणि पुरुषांना दुसरें, हा जो त्यांचा मूळ आक्षेप, तो निंदेइतकाच स्तुतीलाही लागू पडतो. पुरुष सोसूं लागला तर त्याचें सोसणें कसें थांबेल हें आपण पाहतों. स्त्री सोसूं लागली कीं आपण तिचें स्तोत्र रचतों.

अनुबोधपटाच्या इतिहासांत हा प्रश्न फार लवकर उभा राहिला. १९३५ सालीं इंग्लंडांत ‘हाउसिंग प्रॉब्लेम्स’ हा लहानसा चित्रपट निघाला. लंडनच्या गलिच्छ वस्तींतील रहिवासी त्यांत आपापल्या खोलींत राहून, आपल्याच बोलींत, उंदीर, किडे, पडक्या भिंती यांची हकीकत सांगतात. ध्वनिमुद्रणाचें अवजड यंत्र गरिबाच्या खोलींत नेऊन त्याला बोलूं देणें ही त्या काळीं अपूर्व गोष्ट होती. चित्रपटाचे कर्ते म्हणून आर्थर एल्टन व एडगर अँस्टी यांचीं नांवें घेतलीं जातात. परंतु त्या माणसांना बोलतें करण्याचें श्रेय रूबी ग्रिअर्सन हिच्याकडे जातें. अनुबोधपटाचे आद्य पुरस्कर्ते जॉन ग्रिअर्सन यांची ही बहीण. कॅमेरा तुमचा आहे, ध्वनियंत्र तुमचें आहे, आतां त्या लोकांना काय तें सुनवा, अशा अर्थाचें ती त्या रहिवाशांना म्हणाली, अशी आठवण सांगतात. पुढें १९४० सालीं, युद्धामुळें कॅनडाला पाठविल्या जाणाऱ्या मुलांवर चित्रपट करीत असतां, ‘सिटी ऑफ बेनारस’ या जहाजावर टॉर्पेडोचा हल्ला झाला आणि त्यांत तिचा अंत झाला.

रूबीच्या त्या उद्गारांत पुढचा सगळा वाद सांठविलेला आहे. कॅमेरा अर्थातच त्या रहिवाशांचा नव्हता. चित्रपटाचा खर्च गॅसच्या धंदेवाल्यांनीं दिला होता, आणि कोणाचें किती बोलणें ठेवावें हें ठरविणारे दुसरेच होते. तरीही बोलणाऱ्या बाईला क्षणभर कां होईना ‘हें माझें आहे’ असें वाटलें, आणि त्या वाटण्याचा ठसा फितीवर उमटला. कॅमेरा खरोखर कोणाचा, आणि बोलणारीला तो कोणाचा वाटतो, या दोन गोष्टींतलें अंतर जितकें कमी, तितका अनुबोधपट खरा, असें आम्ही मानतों.

हें अंतर कमी करणें हीच कामाची रीत म्हणून ज्यांनीं आपल्या देशांत स्वीकारली, ती ‘युगांतर’ ही मंडळी. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि छायाचित्रकार नवरोझ कॉन्ट्रॅक्टर यांनीं १९८० सालीं बंगलोर येथें हा संघ काढला. चौघांत पुरुष एकच, तोही कॅमेऱ्यामागें. थोडक्या वर्षांत त्यांनीं चार चित्रपट केले. ‘मोलकरीण’ हा पहिला. १९८२ सालीं निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवरचा ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा दुसरा. १९८३ सालीं तेलुगूंत ‘इदि कथा मात्रमेना’ हा घरांतल्या जाचाविषयींचा चित्रपट हैदराबादच्या स्त्री शक्ति संघटनेच्या साह्यानें झाला, आणि हिमालयाच्या पायथ्याच्या चिपको चळवळींतल्या एका खेडूत स्त्रीवरचा ‘सुदेशा’ त्याच सालचा. हे चित्रपट सोळा मिलिमीटरच्या फितीवर घेतलेले होते व चित्रगृहांकरितां नव्हते. यंत्र बरोबर घेऊन वस्त्यांत आणि सभांत ते दाखवावयाचे, आणि दिवे लागल्यावर बायकांनीं त्यांवर बोलावयाचें, असा त्यांचा उपयोग होता. पुढें बरीच वर्षें ते फारसे कोणाच्या पाहण्यांत नव्हते. अलीकडे बर्लिनच्या ‘आर्सेनल’ या चित्रपटसंस्थेनें त्यांचा जीर्णोद्धार केल्यामुळें ते पुन्हां पाहावयास मिळूं लागले आहेत. चौघांपैकीं नवरोझ कॉन्ट्रॅक्टर २०२३ सालीं वारले.

चारांतील पहिले दोन मराठी आहेत, ही गोष्ट मराठी समीक्षेनें जितकी ध्यानांत घ्यावयास हवी होती तितकी घेतलेली नाहीं. ‘मोलकरीण’ची पार्श्वभूमि अशी: १९८० सालीं पुण्यांत मोलकरणींनीं आपण होऊन काम बंद केलें, आणि त्या उद्रेकांतून त्यांची संघटना उभी राहिली. त्या बायकांना हाताशीं धरून हा चित्रपट झाला. त्यांत नायिका नाहीं. एक बाई उठून बोलते, मग दुसरी बोलते. पगार, खाडा, आजारपण, काढून टाकण्याची धमकी, असे विषय निघतात. पाहणाराला प्रथम वाटतें, यांत चित्रपट तो कोठें आहे? ही तर गाऱ्हाण्यांची बैठक झाली! परंतु थोडें थांबून पाहिलें म्हणजे लक्षांत येतें कीं, ही बैठक भरणें हेंच या कथेंतील सर्वांत मोठें कृत्य आहे. कारखान्यांत शंभर कामगार एका छपराखालीं असतात. मोलकरीण एकटी चार छपरांखालीं असते. तिच्या कामाच्या जागीं तिला सोबतीण नाहीं. एका घरीं काय मिळतें तें दुसऱ्या घरच्या बाईला कळत नाहीं, आणि जें कळत नाहीं त्याची तुलना होत नाहीं. अशा बायका एकत्र बसून आपापले आंकडे एकमेकींस सांगूं लागतात, तेव्हां दिसावयाला कांहींच घडत नसतें आणि वस्तुतः सर्व कांहीं घडत असतें.

येथें आम्हांस जात्यावरच्या ओवीची आठवण होते. ओवी बायकांनीं बायकांत म्हटली. ती ऐकविण्याकरितां कोणी रसिक समोर बसलेला नव्हता. म्हणूनच तींत सासुरवास आहे, थकवा आहे, थट्टा आहे, परंतु स्वतःच्या सोशिकपणाचा मिरवणूकवजा उत्सव क्वचितच आहे. ‘मोलकरीण’मधल्या बोलण्याचा पोत असाच आहे. त्या बायका आपलें दुःख आपल्याला दाखवीत नाहींत. एकमेकींशीं हिशेब जुळवीत आहेत, आणि आपण दाराशीं उभे राहून तें ऐकत आहोंत. पडद्यावरची स्त्री आपल्या दयेसाठीं बोलत नाहीं हें जाणवलें म्हणजे प्रेक्षकाची बसण्याची रीत बदलते. तो परीक्षकाच्या आसनावरून उतरतो, आणि कदाचित् आरोपीच्या पिंजऱ्यांत जाऊन उभा राहतो.

‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा त्याहून भरीव चित्रपट आहे. निपाणी हें गांव कर्नाटकांत, बेळगांव जिल्ह्यांत, महाराष्ट्राच्या सीमेलगत; तेथील बाजारांत आणि वखारींत मराठी बोललें जातें. विडीच्या तंबाखूचा तेथें मोठा व्यापार. वाळलेला पाला झोडावयाचा, चाळावयाचा, आणि दिवसभर ती झोंबणारी धूळ नाकातोंडांत घ्यावयाची, हें काम बायकांचें. युगांतरची मंडळी चार महिने या बायकांना भेटत राहिली, त्यांचें ऐकत राहिली, आणि मगच कॅमेरा वखारीच्या आंत गेला. सुमारें तीन हजार बायकांचा हा लढा असंघटित कामगारांच्या त्या काळच्या मोठ्या लढ्यांत गणला जातो. धुळीनें भरलेला वखारींतला प्रकाश एरवीं एखाद्या छायाचित्रकारास मोह पाडील असा आहे. पण येथें धूळ धूळच राहते, तिचें धुकें होत नाहीं. कॅमेऱ्याचा हा संयम आम्हांस या चित्रपटाचा मोठा गुण वाटतो.

नांवाकडेही लक्ष द्यावयास हवें. या चित्रपटाचें इंग्रजी नांव ‘टोबॅको एम्बर्स’, म्हणजे तंबाखूचे निखारे. मराठी नांव आम्हांस अधिक खरें वाटतें. निखारा एकटाही धगधगतो, आणि त्याला पाहून कोणीही ‘काय हें तेज!’ म्हणूं शकतो. ऊब एकटीला येत नाहीं. ती एकमेकींस लागून राहिल्यानें येते, हळूहळू येते, बाहेरून दिसत नाहीं, हात लावल्यावांचून कळत नाहीं. स्त्रियांच्या सामर्थ्याविषयीं लिहितांना आपण तेज, ज्वाला, वीज हे शब्द फार उधळतों. ऊब हा शब्द वापरणाऱ्यांस विषय अधिक समजला होता.

या चित्रपटांतील संपाचे कांहीं प्रसंग बायकांनीं मागाहून पुन्हां करून दाखविलेले आहेत. अनुबोधपटांत असें करावें काय, हा जुना वाद आहे. आमच्या मतें येथें तें दूषण ठरत नाहीं. नट दुसऱ्याचें सोंग घेतो. येथें बाई स्वतःचेंच कालचें रूप पुन्हां धारण करते, आणि तसें करतांना कालच्या दिवसांतील कोणता भाग सांगण्याजोगा आहे याची निवड तिची ती करते. कॅमेरा तिचा होण्याचा हा एक मार्ग आहे. मात्र त्याला किंमत द्यावी लागते. संप प्रत्यक्ष चालू असतां उद्यां काय होईल हें कोणास ठाऊक नसतें. पुन्हां करून दाखवितांना तें ठाऊक असतें, आणि त्यामुळें भीति पातळ होते.

भीति पातळ न होऊं देणारा चित्रपट कसा असतो हें पाहावयाचें असेल तर बार्बरा कॉपल हिचा ‘हार्लन काउंटी, यू. एस. ए.’ पाहावा. हा १९७६ सालचा. अमेरिकेंतील केंटकी संस्थानांत कोळशाच्या खाणीवर १९७३ सालीं सुरू झालेल्या संपाचा. संप पुरुषांचा, पण रस्ता अडवून उभ्या राहिल्या त्यांच्या बायका. कॉपल आणि तिचे सोबती त्यांच्यांत जाऊन राहिले. अंधारांत गोळ्या झाडल्या जातात, कॅमेऱ्यावर हात पडतो, आणि पुढें काय होणार हें पडद्यावरील माणसांस ठाऊक नाहीं, चित्र घेणारीसही नाहीं. अखेर एका तरुण कामगाराचा जीव जातो. परंतु आम्हांस त्यांतील सर्वांत मोलाचा प्रसंग गोळीबाराचा वाटत नाहीं. बायकांच्या बैठकींतील भांडणाचा वाटतो. त्या एकमेकींवर वाटेल तसले आरोप करतात, आवाज चढतात, आतां सगळें मोडणार असें वाटतें; आणि मोडत नाहीं. दुसऱ्या एखाद्या चित्रपटानें हें भांडण कापून टाकलें असतें. कॉपलनें तें ठेवलें, म्हणूनच दुसऱ्या दिवशीं रस्त्यावर उभ्या राहिलेल्या बायकांची एकजूट आपल्याला खरी वाटते.

युगांतरच्या चित्रपटांत उणें कोणतें, हें या तुलनेनें सांगतां येतें. त्यांचा ओढा निष्कर्षाकडे आहे. अडचण, जागृति, एकजूट हा क्रम पंचवीस मिनिटांत उरकावयाचा, आणि दिवे लागल्यावर सभा भरवावयाची, या घाईमुळें जी बाई संपाला कचरली तिची बाजू फारशी ऐकूं येत नाहीं. कचरणारीलाही कारण असतें: घरीं आजारी मूल असतें, उधारी असते. तिचें ऐकून घेतलें असतें तर न कचरणाऱ्यांचें मोल वाढलेंच असतें. निष्ठा जैन हिच्या ‘गुलाबी गँग’ या २०१२ सालच्या चित्रपटांत बुंदेलखंडांतील प्रसिद्ध स्त्रीसंघाचें चित्रण आहे. तेथें संघाचीच एक सभासद, घराण्याच्या अब्रूकरितां झालेल्या खुनाच्या बाबतींत, आपल्या भावाची बाजू घेतांना दिसते. हा प्रसंग पाहून संघाविषयींचा आदर कमी होत नाहीं. त्या बायकांना किती खोल मुळांशीं झगडावयाचें आहे तें कळतें. कमकुवतपणा दाखविण्याचें धैर्य ज्या चित्रपटांत आहे, त्यानेंच सामर्थ्याची भाषा बोलावी.

याच दिग्दर्शिकेचा २००७ सालचा ‘लक्ष्मी अँड मी’ आम्हांस ‘मोलकरीण’च्या शेजारीं ठेवून पाहावासा वाटतो. नांवांतील इंग्रजी ‘मी’ मराठी कानाला आपलाच ‘मी’ वाटतो, आणि अर्थही फिरून तोच निघतो. लक्ष्मी ही मुंबईंत दिग्दर्शिकेच्याच घरीं काम करणारी एकवीस वर्षांची मुलगी. दिवसाचे दहा तास आणि आठवड्याचे सातही दिवस ती घरोघर राबते. तिचें चित्र घ्यावयाचें ठरविलें, तेव्हां तिच्याबरोबर तिच्या मालकिणीचेंही चित्र घ्यावें लागेल हें निष्ठा जैन हिला ओळखावें लागलें, आणि तिनें तें टाळलें नाहीं. रोज दोन वेळां घरांत वावरणाऱ्या मुलीचें घर आपण पाहिलेलें नसतें, तिचें दुखणेंखुपणें आपल्याला ठाऊक नसतें. कॅमेरा हातीं आल्यावरच मालकीण तिच्यामागून जाते. लक्ष्मीचें आजारपण, तिचें लग्न, तिचें गरोदरपण हीं सर्व पुढें या चित्रांत येतात.

येथें एक शंका मनांत आल्यावांचून राहत नाहीं. जी आपल्याला पगार देते तिच्या कॅमेऱ्याला नाहीं म्हणण्याचें स्वातंत्र्य मोलकरणीला कितपत असतें? रूबी ग्रिअर्सनच्या शब्दांत सांगावयाचें तर, हा कॅमेरा कोणाचा? उत्तर स्पष्ट आहे: मालकिणीचा. परंतु चित्रपटाचें श्रेय असें कीं, तो हें लपवीत नाहीं. ‘मोलकरीण’ बायकांच्या बाजूनें बोलतो आणि मालकिणीला दाराबाहेर उभी करतो. ‘लक्ष्मी अँड मी’ मालकिणीला घरांत आणून आरशासमोर बसवितो. पहिल्यांत धग अधिक, दुसऱ्यांत लाज अधिक. दोन्हींची गरज आहे. कारण संघटना न करतां नुसती लाज वाटून घेणें ही मालकिणीची चैन होते, आणि मालकिणीचें मन जागें न होतां नुसता संप झाला तर दुसरी बाई कामावर ठेवली जाते.

कॅमेरा कोणाचा, या प्रश्नाचें अलीकडचें आणि सर्वांत बोलकें उदाहरण ‘रायटिंग विथ फायर’ हें आहे. रिंटू थॉमस आणि सुश्मित घोष यांचा हा २०२१ सालचा चित्रपट. उत्तर प्रदेशांतील चित्रकूटकडे २००२ सालीं सुरू झालेल्या ‘खबर लहरिया’ या वृत्तपत्राच्या दलित स्त्री वार्ताहर छापील कागद सोडून मोबाइल फोनवर बातम्या घेऊं लागतात, त्याची ही कथा. चित्रपट सुबक आहे, त्याला सनडान्सच्या महोत्सवांत बक्षिसें मिळालीं, आणि २०२२ सालच्या ऑस्करकरितां त्याचें नामांकन झालें. परंतु त्या समारंभाच्या थोडे दिवस आधीं ‘खबर लहरिया’नेंच जाहीर केलें कीं, हें आमचें चित्र अपुरें आहे, आमच्या कामाचा एक भाग घेऊन तोच सर्व आहे असें यांत दिसतें.

पुष्कळांस हें वागणें चमत्कारिक वाटलें. जगभर नांव होत असतां आपल्याच स्तुतींत खोट काढावी ती कशाला? आम्हांस मात्र त्या निवेदनांत चित्रपटाच्या विषयाची सर्वांत मोठी कसोटी लागलेली दिसते. या स्त्रिया दुसऱ्यांच्या बातम्या तपासून घेणाऱ्या. आपल्याविषयींची बातमी त्यांनीं तपासली आणि तींत उणें दिसलें तें सांगितलें. दिग्दर्शकांनीं खोटें दाखविलें असें आम्ही म्हणत नाहीं. दीड तासांत वीस वर्षें मावत नाहींत, आणि निवड ही कलेला चुकत नाहीं. परंतु ज्या सामर्थ्याचें कौतुक चित्रपट करतो, तें चित्रपटालाही प्रश्न विचारील, ही गोष्ट कौतुक करणारांनीं गृहीत धरली पाहिजे. स्तुति मुकाट्यानें स्वीकारणारी स्त्रीच आपल्याला समर्थ वाटत असेल, तर आपल्याला अजून जुनीच सोशिक मूर्ति हवी आहे, फक्त तिच्या हातांत आतां मोबाइल दिला आहे, इतकेंच.

या सर्वांतून अनुबोधपटाकडून काय अपेक्षा करावी? चित्रपटानें पगार वाढत नाहींत. पुण्याच्या मोलकरणींनीं १९८० सालीं जें मागितलें, त्यांतील थोडेंफार कायद्याच्या भाषेंत यावयास २००८ सालच्या महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाच्या अधिनियमाची वाट पाहावी लागली; घरकामाला सन्मानाचें काम म्हणणारा आंतरराष्ट्रीय करार जिनिव्हा येथें २०११ सालीं झाला. या दोन्हींचें श्रेय एखाद्या पंचवीस मिनिटांच्या चित्रपटास देणें भाबडेपणाचें होईल. तें श्रेय सभांना जाणाऱ्या, दिवसाचा खाडा सोसणाऱ्या बायकांचें आहे. परंतु ‘आमच्याकडची बाई फार कष्टाळू आहे हो’ या घरोघरच्या कौतुकाच्या वाक्यांत एक न दिलेली रजा दडलेली असते, हें दाखविणें चित्रपटास शक्य आहे. आणि तेवढें त्यानें केलें तर त्याचें काम झालें.

वाचकांस आमची एकच सूचना आहे. ‘मोलकरीण’ मिळवून पाहावा, आणि तो एकट्यानें न पाहतां घरीं काम करणाऱ्या बाईंस बोलावून त्यांच्याबरोबर पाहावा. त्या दिवसाचें काम राहूं द्यावें आणि पगार कापूं नये. बाई कोठें बसतात, खुर्चीवर कीं जमिनीवर, आणि त्यांना तेथें बसण्यास कोणीं शिकविलें, एवढें पाहिलें म्हणजे या परीक्षणाचा उरलेला भाग ज्याचा त्याला लिहितां येईल.